'हॉटेल मॅनेजमेंट काय, कुणालाही मिळतं' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज फिरतो. यंदा तो खालच्या मजल्यावरच्या काकांनी टाकला. वर तीन गुलाब, खाली 'गरजूंना पाठवा'. मजकूर थोडक्यात असा : बारावीला पन्नास टक्के पडले तरी टेन्शन घेऊ नका, हॉटेल मॅनेजमेंट आहे. त्याला परीक्षा नाही, कटऑफ नाही. दादरचं सरकारी कॉलेज कॉन्व्हेंटवाल्या आणि ओळखीवाल्या पोरांसाठी असतं, त्याच्या नादी लागू नका. पैसे भरून प्रायव्हेटला घ्या. तसाही शेवटी ट्रेच उचलायचाय.

मी चौदा वर्षं हॉटेलात हाउसकीपिंग करतेय. काकांवर राग नाही, त्यांनी आलेलं पुढे ढकललं. पण आमच्याच इमारतीत यंदा बारावीला बसलेल्या दोन पोरी आहेत, म्हणून हे लिहितेय.

'परीक्षा नाही.' आहे, आणि दादरसारख्या संस्थांसाठी देशभर एकच आहे. वीर सावरकर मार्गावरच्या ज्या कॉलेजला आपण 'दादर कॅटरिंग' म्हणतो, तिथल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या बीएस्सीला एनसीएचएम जेईई ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं. 2019 पासून ती एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते. कॉम्प्युटरवर द्यायची, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. पदवी दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची मिळते.

खरी मेख तारखांत आहे, म्हणून इथे जरा थांबते. 2023 साली ही परीक्षा 14 मे रोजी झाली आणि आपल्या बोर्डाचा बारावीचा निकाल 25 मे रोजी लागला. 2024 मध्ये परीक्षा 11 मे, निकाल 21 मे. 2025 मध्ये परीक्षा 27 एप्रिल, निकाल 5 मे. फॉर्म तर त्याच्याही कितीतरी आधी भरून मोकळं व्हायचं असतं. म्हणजे हा मेसेज ज्या दिवशी फिरतो, त्या दिवशी दादरच्या बीएस्सीचं दार त्या वर्षापुरतं जवळपास बंद झालेलं असतं. उरतात ती बहुतेक पैसे भरून घ्यायची कॉलेजं. मेसेज म्हणतो, दादरच्या नादी लागू नका. तो वाचणाऱ्याला नादी लागायची सोयच उरलेली नसते.

'कटऑफ नाही.' बारावीच्या टक्क्यांचा नाही, एवढंच खरं. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स काहीही चालतं, फक्त बारावीला इंग्रजी विषय हवा. पण रँक लागते आणि रँकवरच कॉलेज मिळतं. दादरसाठी देशभरातली पोरं रांगेत असतात आणि का असू नयेत? 1954 साली लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने सुरू झालेली, या विषयाची देशातली ही पहिली संस्था. न्यूयॉर्कमध्ये नाव काढलेला आणि पुढे लोअर परळच्या बॉम्बे कँटीन या रेस्टॉरंटमागे उभा राहिलेला शेफ फ्लॉइड कार्डोझ इथलाच. आधी बायोकेमिस्ट्री शिकला आणि मग इकडे वळला. कुठे प्रवेश मिळत नव्हता म्हणून आलेला माणूस नव्हे तो.

'कॉन्व्हेंटवाल्यांसाठी.' या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. पेपरात इंग्रजीला मोठा वाटा असतो आणि मराठी माध्यमाच्या पोरांची तिथेच तंतरते. पण तिथे इंग्रजी बोलून दाखवायचं नसतं, वाचून समजायचं असतं. बाकीचा पेपर हिंदीतूनही देता येतो. आकडेमोड, तर्क, सामान्य ज्ञान याला कॉन्व्हेंट लागत नाही.

आणि एक भाग असा असतो, जो कुठलंच कॉलेज शिकवत नाही : सेवाक्षेत्राची कलचाचणी. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीकडून सराव करून घेत होते. प्रश्न असा की रात्री अकरा वाजता गेस्ट काउंटरवर येऊन ओरडतोय, खोलीतला एसी बंद आहे, तुम्ही काय कराल? तिने पटकन 'मॅनेजरला बोलावीन'वर बोट ठेवलं. म्हटलं, नाही. आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, माफी मागायची, मग दुसरी खोली बघायची. ती फणकारली, "एसी मी बिघडवला का? मी कशाला माफी मागू, ताई?" अर्धा तास वाद घातला तिने. शेवटी तिच्या वडिलांनीच मिटवला. त्यांचं किराणा दुकान आहे. म्हणाले, "गिऱ्हाईक डाळ परत घेऊन येतं तेव्हा मी काय करतो?" या पेपराला असं घर कामाला येतं.

'ओळखीवाल्यांसाठी.' मुलाखत नाही, ग्रुप डिस्कशन नाही. रँक आणि ऑनलाइन भरलेले पसंतीक्रम. ओळख कुठे घुसवणार? आपली पोरं अडकतात ती भलतीकडेच, कागदांवर. ही केंद्राची प्रवेशप्रक्रिया. राज्याच्या नमुन्यातला नॉन क्रीमी लेयर दाखला इथे चालत नाही, ओबीसीला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि जातही केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याने 2024 मध्ये मराठा समाजाला दिलेलं एसईबीसी आरक्षण इथे लागू नाही. निकषात बसत असाल तर केंद्राचं ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बलांसाठीचं आरक्षण बघायचं. माझ्या भाच्याने हे सगळं ऐन वेळी शोधलं. दाखल्याच्या कार्यालयात चार खेपा झाल्या, साहेब कधी मीटिंगला, कधी दौऱ्यावर. दाखला हातात पडला तोवर फेरी संपली होती. रँक चांगली होती हो त्याची. तेव्हा अभ्यासाच्या आधी दाखला काढा.

'शेवटी ट्रेच.' उचलावा लागतो. शिकताना एक अख्खं सत्र हॉटेलात ट्रेनिंग असतं : किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग. पहिल्या दिवशी मी खोली लावली. चादर ताणलेली, कोपरे दुमडलेले, आरसा लख्ख. सुपरवायझर मॅडम आल्या, त्यांनी चादरीकडे बघितलंही नाही. बुटांसकट कोरड्या बाथटबात बसल्या आणि मला म्हणाल्या, "ये, इथून बघ." तिथून बेसिनच्या खालची बाजू दिसत होती, आणि तिच्यावर साबणाचे वाळलेले ओघळ. गेस्ट जिथे बसणार, तिथे बसून खोली तपासायची. आज माझ्या हाताखालची पोरं मी तशीच बाथटबात बसवते.

तास लांब असतात, सुरुवातीचा पगार बेताचा असतो. लालबागला राहून अनंत चतुर्दशीला मी कामावर असते, आणि ते अजूनही टोचतं. हे सांगून कुणी पोरीला परावृत्त केलं तर माझी हरकत नाही. परीक्षाच नाही असं सांगून मात्र करू नका.

काकांना हे ग्रुपवर न टाकता जिन्यात भेटून सांगितलं. त्यांनी मेसेज उडवला. मग विचारलं, धाकटा अकरावीत आहे, त्याचा दाखला आत्ताच काढून ठेवला तर चालेल का? म्हटलं, नमुना आत्ताच बघून ठेवा, पण नॉन क्रीमी लेयर दाखला त्या वेळचा ताजाच लागेल.