मेडिकलमध्ये किडनी काढतात म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा मावशीचा फोन आला. मावसाजींचा ताप उतरत नव्हता, एक्सरेमध्ये न्यूमोनिया निघाला, घराजवळच्या डॉक्टरने सरळ सांगितलं की मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला न्या, उशीर करू नका. आणि मावशी म्हणे मेडिकलला नाही नेत बाप्पा, तिथं काय करतात ते आता साऱ्यांना माहीत झालं. काय करतात विचारलं तर तिने तो मेसेज पाठवला. तुमच्यापैकी बहुतेकांकडे आला असेल, २०२० पासून फिरून राहिला आहे, मध्ये थंडा होतो आणि ताप-खोकल्याची साथ आली की पुन्हा कोणीतरी ग्रुपवर टाकतो. शेवटी मावसाजींना प्रायव्हेटमध्ये नेलं, आता बरे आहेत, पण मावशीने बिलासाठी पाटल्या गहाण ठेवल्या. म्हणून लिहितो आहे. डोकं गरम आहे, भाषा सांभाळून घ्या.

मेसेज थोडक्यात असा: कोरोना हा हॉस्पिटलांचा घोटाळा होता. एका पेशंटमागे सरकारकडून दीड लाख मिळायचे म्हणून साध्या सर्दीवाल्यालाही पॉझिटिव्ह केलं. भरती झालेल्यांच्या किडन्या आणि डोळे काढले, म्हणून तर बॉडी प्लास्टिकमध्ये पॅक करून परस्पर जाळली. जे घरी राहिले ते वाचले, मेडिकल-मेयोत (मेयो म्हणजे शहरातलं दुसरं सरकारी हॉस्पिटल) गेले ते मेले. औषधांनी आणि व्हेंटिलेटरने मारलं. ऑक्सिजनची टंचाई नाटक होतं. खाली "जनहितार्थ".

किडनीपासूनच सुरू करतो, कारण मावशी त्याच्यावरच अडली आणि सगळ्यात घाण आरोपही तोच आहे.

किडनी कोणाची काढता येते? जिवंत दात्याची, नाहीतर ब्रेन डेड माणसाची, ज्याचा मेंदू कायमचा बंद पडला आहे पण हृदय अजून चालू आहे. रक्तपुरवठा थांबला की किडनी मिनिटांच्या हिशोबाने खराब व्हायला लागते. वॉर्डात माणूस गेला, मग शवागारात नेला, मग रात्री कोणीतरी गुपचूप किडनी काढली, हे होऊच शकत नाही, ती किडनी कोणाच्याही कामाची उरत नाही. ब्रेन डेड जाहीर करायचं तर १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं पॅनल लागतं, त्याच तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करायच्या, मग नातेवाईकांची लेखी संमती. मग नागपूरची झेडटीसीसी, म्हणजे आपली विभागीय प्रत्यारोपण समिती, वेटिंग लिस्ट बघते, रक्तगट जुळतो का, क्रॉसमॅच होतो का, म्हणजे पेशंटचं रक्त त्या दात्याच्या पेशींवर हल्ला तर करत नाही, तो पेशंट कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहे. ऑपरेशन थिएटर लागतं, सर्जनची टीम लागते, भूलतज्ज्ञ लागतो, आणि दुसरीकडे ती किडनी बसवायला तयार असलेली आणखी एक टीम लागते. एवढी माणसं पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन चोरी करून राहिली होती आणि एकही नर्स, एकही वॉर्डबॉय, एकही शिकाऊ डॉक्टर इतक्या वर्षांत बोलला नाही?

दुसरं, किडनी घेणार कोण? प्रत्यारोपण झालेल्या माणसाला आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या खाव्या लागतात. त्याच्या अंगात कोरोनाने मेलेल्या माणसाचा अवयव कोणता सर्जन टाकेल? तेव्हा नियमच होता की दात्याची आरटीपीसीआर निगेटिव्ह आली पाहिजे, पॉझिटिव्ह असला तर अवयव घ्यायचाच नाही, लॉकडाऊनमध्ये तर बहुतेक प्रत्यारोपणं पुढे ढकलली गेली होती. आणि गंभीर कोरोनात बऱ्याच जणांची किडनीच आधी जायची, डायलिसिसवर घ्यावं लागायचं. डोळ्यांचं वेगळं आहे, ते मृत्यूनंतर काही तासांत काढता येतात, हे खरं. पण कोरोना पॉझिटिव्ह माणसाचे डोळे नेत्रपेढ्या घेतच नव्हत्या.

आता प्लास्टिक. केंद्राच्या आरोग्य खात्याने मार्च २०२० मध्येच मृतदेहांबाबत सूचना काढल्या, त्यात गळती न होणारी पिशवी सांगितली आहे कारण शरीरातून द्रव बाहेर येतात आणि उचलणाऱ्याला धोका असतो. पण त्याच सूचनांमध्ये हेही आहे की कर्मचाऱ्याने चेहऱ्याकडची चेन उघडून घरच्यांना शेवटचं दर्शन द्यावं, हात न लावता मंत्र म्हणता येतील, पाणी शिंपडता येईल. हे किती ठिकाणी झालं? माझ्या मित्राच्या वडिलांच्या वेळी नाही झालं. आम्हाला एक पिशवी आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं नाव दिसलं, अक्षरं ओलीने फुटलेली, ते नाव बरोबर आहे का एवढंच बघायला सांगितलं आणि गाडी घाटाकडे गेली. मित्राची आई आजही विचारते की तो आपलाच माणूस होता ना. या बाईला किडनीचा मेसेज खरा वाटला तर मी तिला दोष नाही देणार. माणुसकीने चेन उघडली असती तर या अफवेला अर्धी जागाच राहिली नसती, ही चूक यंत्रणेची आहे आणि ती बोललीच पाहिजे. पण जो बसल्या जागी हे टाइप करतो तो त्या बाईच्या दुःखावर पोट भरतो आहे, त्याला माफी नाही.

दीड लाखाचं बघू. हा आकडा कुठून आला असेल याचा माझा अंदाज सांगतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचं विमा संरक्षण होतं, आणि मे २०२० मध्ये सरकारने ही योजना राज्यातल्या सगळ्यांना खुली केली. दीड लाख ही वरची मर्यादा होती, तीही अख्ख्या कुटुंबाची, वर्षभराची, आणि पैसे ठरलेल्या उपचाराच्या पॅकेजप्रमाणे, कागद तपासून. पॉझिटिव्ह रिपोर्ट लावला की दीड लाख खात्यात, असं काही नव्हतं. मेडिकलच्या निवासी डॉक्टरचं विद्यावेतन वॉर्डात दहा पेशंट असोत की शंभर, तेवढंच राहतं. त्याने खोटा पॉझिटिव्ह करून आपल्याच डोक्यावर काम काहून वाढवावं?

आणि खोटेच पॉझिटिव्ह होते तर माणसं मेली कशाने? एप्रिल २०२१ मध्ये नागपूर जिल्ह्यात दिवसाला ७ हजारांच्या वर नवे पेशंट निघत होते आणि मृत्यू शंभराच्या आसपास जात होते. गंगाबाई घाटावर, मोक्षधामवर, मानेवाड्याला जे उभे होते त्यांना आकडेवारी सांगायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज तर असा की २०२० आणि २०२१ मिळून भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाले, सरकारी कोरोना आकड्याच्या जवळजवळ दहापट. केंद्र सरकारने तो अंदाज मान्य केला नाही. तो थोडा इकडेतिकडे धरला तरी दिशा उलटी आहे, आकडे फुगवले गेल्यापेक्षा बरेच मृत्यू मोजलेच गेले नाहीत.

"घरी राहिले ते वाचले." अरे, घरी कोण राहिलं? ज्यांना सौम्य होता ते. मेडिकलला कोण जात होतं? ज्यांचा ऑक्सिजन ७०-७५ वर आला होता ते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वरून छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, सगळीकडून शेवटची गाडी नागपूरलाच येते आणि पैसे संपल्यावर प्रायव्हेटमधून निघालेली ॲम्बुलन्सही तिथेच येते. त्यांच्यातले जास्त दगावणारच. उलट या मेसेजसारख्या अफवांनीच लोक घाबरून घरी थांबले, काढे पीत राहिले, बोट निळं पडल्यावर निघाले. आमच्या गल्लीतला एक दुकानदार असाच गेला, घरचे शेवटपर्यंत म्हणत होते की तिथे नेलं तर बॉडीही नाही मिळणार.

औषधांच्या मुद्द्यावर मला थोडी माघार घ्यावी लागते, नाइलाजाने. रेमडेसिवीर इंजेक्शनच्या मागे आपण सगळे वेडे झालो होतो. ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी ट्रायलमध्ये त्याने मृत्यू कमी होताना दिसले नव्हते, नोव्हेंबरमध्ये संघटनेने ते न वापरण्याची शिफारस केली, तरी एप्रिल २०२१ मध्ये डॉक्टर चिठ्ठी लिहून देत होते आणि नातेवाईक रात्रभर मेडिकल स्टोअर पालथे घालत होते. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला नागपूरसाठी १० हजार कुप्या द्या म्हणून आदेश काढावा लागला. काळाबाजारात हॉस्पिटलचीच माणसं पकडली गेली. बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा चढवायचे, त्याचंही तेच, ३९ हॉस्पिटलांमधल्या भारतीय अभ्यासात फायदा दिसला नाही तरी मे २०२१ पर्यंत चालू राहिला. हे सगळं मान्य.

पण "औषधांनी मारलं" हे मान्य नाही, आणि इथे मी एकाच अभ्यासावर भर देतो कारण तो पुरेसा आहे. ऑक्सफर्डची रिकव्हरी ट्रायल, जून २०२०. सुमारे २,१०० पेशंटना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, सुमारे ४,३०० जणांना नेहमीचे उपचार. व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये औषध न मिळालेल्या शंभरातले ४१ गेले, मिळालेल्या शंभरातले २९. ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये शंभराला २६ ऐवजी २३. जुनं, स्वस्त औषध, मेडिकल-मेयोत फुकट मिळणारं. आता त्याच अभ्यासातली पुढची ओळ वाचा, ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काही फायदा नाही, उलट मृत्यू थोडे जास्तच दिसले, शंभराला १४ च्या जागी जवळजवळ १८. म्हणजे हेच औषध वॉर्डात जीव वाचवत होतं आणि घरी पहिल्या दिवसापासून व्हॉट्सॲपची प्रिस्क्रिप्शन बघून घेतलं की घात करत होतं. नंतर काळी बुरशी आली ती आठवते ना? शुगर वाढलेली, त्यात स्टेरॉइड. किती जणांचे जबडे काढावे लागले, डोळे काढावे लागले. डोळे काढले गेले ते असे, जीव वाचवायला, सही घेऊन, दिवसाउजेडी.

ऑक्सिजन नाटक म्हणणाऱ्याने एक हिशोब करावा. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर गॅस असतो. हाय फ्लोवरचा, म्हणजे यंत्राने नाकातून जोरात ऑक्सिजन सोडतात तो पेशंट मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढतो. म्हणजे एका माणसाला एक जंबो दोन तासही पुरत नाही. भिलाईच्या स्टील प्लांटमधून येणाऱ्या टँकरवर शहर चाललं होतं, २३ एप्रिल २०२१ ला विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्सप्रेस आली तेव्हा तीन टँकर नागपूरला उतरवून बाकीचे चार नाशिकला गेले. नाटकासाठी कोणी रेल्वेवर टँकर चढवून अर्धा देश फिरवत नाही.

बेड नव्हते हे मात्र खरं, आणि ते मी कोणाला झाकू देणार नाही. मेडिकल आणि मेयोत पहिल्या वर्षी ६००-६०० बेडची कोविड हॉस्पिटलं उभी केली. येरल्याला राधास्वामी सत्संगाच्या जागेत ५ हजार बेडच्या सेंटरची तयारी केली, पण तिथे ऑक्सिजनचा पेशंट ठेवता येत नव्हता. दिवसाला ७ हजार पॉझिटिव्हमधल्या शंभरातल्या पाचांनाच भरती लागली धरलं तरी रोज साडेतीनशे नवे बेड पाहिजेत आणि भरती झालेला आठ-दहा दिवस हलत नाही. मेडिकलमध्ये एका बेडवर दोन पेशंट झोपल्याचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. पहिली लाट ओसरल्यावर मधल्या महिन्यांत काय केलं, हा प्रश्न पालकमंत्र्यांपासून मनपापर्यंत सगळ्यांना विचारायचा होता. प्रायव्हेटच्या बिलांचंही तसंच, ८० टक्के बेडवर सरकारने दिवसाला साध्या वॉर्डाचे ४,०००, आयसीयूचे ७,५०० आणि व्हेंटिलेटरसकट आयसीयूचे ९,००० रुपये असे दर ठरवून दिले होते, तरी लोकांनी लाखांनी भरले, कारण पीपीई आणि महागडी औषधं त्या दरात नव्हती आणि बिल तपासायला सांगायची हिंमत पेशंट आत असताना कोणाची होते? या खऱ्या प्रश्नांवर मोर्चा निघायला पाहिजे होता. आपण किडनीवर बोलत बसलो आणि ज्यांनी उत्तर द्यायचं ते सुटले.

मेसेजमधले बाकीचे दोन-तीन मुद्दे, लस, फाइव्ह जी, त्यांच्यावर मी वेळ घालवत नाही.

ज्यांच्या घरी आत्ता कोणी आजारी आहे त्यांच्यासाठी एवढं सांगतो. महात्मा फुले योजनेची मर्यादा आता दीड लाख नाही, केंद्राच्या आयुष्मानसोबत जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाख झाली आहे. मेडिकल असो, मेयो असो की योजनेतलं प्रायव्हेट हॉस्पिटल, आत गेल्यावर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि हे भरती होतानाच करा, डिस्चार्जच्या दिवशी नको. मावशीला हे आधी माहीत असतं तर पाटल्या घरीच राहिल्या असत्या.