एका घोड्याने जपान घडवला? जरा त्याचं आजोळही विचारा

गेल्या वर्षभरात ही पोस्ट मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवर आली. दर वेळी खाली तोच टाळ्यांचा पाऊस. मजकूर थोडक्यात असा: 'अमेरिकेने नाकारलेला संडे सायलेन्स नावाचा काळा घोडा जपानने मातीमोल भावात उचलला. तोवर जपानकडे धड घोडाच नव्हता. त्या एकट्याने जपानला जगात पहिल्या नंबरवर नेऊन बसवलं. घोडी कुठलीही असो, रक्त बापाचंच बोलतं. आज जगातली एकही मोठी शर्यत जपानने जिंकायची ठेवलेली नाही. तात्पर्य: लोकांनी टाकलेला हिरा ओळखायला शिका.'

तात्पर्य ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं. शर्यतीवर पैसे लावण्यात मला गती नाही, पण घोड्यांच्या वंशावळी वाचायचा नाद जुना आहे. हा नाद असलेल्या माणसाला 'घोडी कुठलीही असो' हे वाक्य वाचून गप्प बसवत नाही.

'मातीमोल भावात' इथून सुरुवात करू. संडे सायलेन्सने १९८९ साली केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक या अमेरिकेतल्या तीन बड्या शर्यती जिंकल्या आणि त्या वर्षीचा अमेरिकेचा 'हॉर्स ऑफ द इयर' तोच ठरला. जपानचे पैदासकार झेन्या योशिदा यांनी त्याच्यासाठी एकूण सुमारे १ कोटी १० लाख डॉलर मोजले. याला मातीमोल म्हणायचं, तर माती कुठली ते सांगावं लागेल. पोस्टमधला खरा भाग एवढाच की अमेरिकेतले पैदासकार पैदाशीसाठी त्याच्यात भागीदारी (शेअर) घ्यायला फारसे पुढे आले नाहीत. का आले नाहीत? त्याची आई विशिंग वेल स्वतः बरी पळालेली, पण तिच्या मागचं घराणं साधं. तिथल्या बड्या लोकांना ते आजोळ पसंत पडलं नाही. म्हणजे ज्या आईच्या बाजूला ही पोस्ट कवडीची किंमत देत नाही, त्याच बाजूपायी घोडा अमेरिकेबाहेर गेला. त्या लोकांचा अंदाज पुढे साफ चुकला हेही सांगून टाकतो, कारण ते माझ्या मुद्द्याला गैरसोयीचं आहे. आजोळ बघणारेही फसतात.

'तोवर जपानकडे धड घोडाच नव्हता.' हे वाक्य लिहिणाऱ्याने १९०७ साल विचारात घेतलेलं नाही. त्या वर्षी इवाते प्रांतातल्या कोइवाई फार्मने इंग्लंडहून वीस पैदाशीच्या घोड्या आणल्या. त्यातली एक फ्लोरीज कप. तिच्या लेकी, लेकींच्या लेकी करत पुढे शिराओकी नावाची घोडी झाली, आणि शिराओकीच्या वंशात १९९८ चा जपानी डर्बीविजेता स्पेशल वीक आणि २००७ ची डर्बीविजेती वोडका. वोडका ही ६४ वर्षांत डर्बी जिंकणारी पहिली मादी. स्पेशल वीकचा बाप संडे सायलेन्सच, पण त्याचं आजोळ जपानात तोवर नव्वद वर्षं नांदत होतं.

बापांच्या बाजूनेही मैदान मोकळं नव्हतं. याच झेन्या योशिदांनी १९७२ साली अमेरिकेतल्या साराटोगाच्या बाजारात एक लाख डॉलरला घेतलेला नॉर्दर्न टेस्ट जपानात दहा वेळा वर्षातला अव्वल स्टॅलियन (पैदाशीचा नर) ठरला होता. त्याच्या पोरी जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या कुरणांत चरत होत्या. त्यातली एक डायना कार्ल. तिने १९८३ ची जपानी ओक्स, म्हणजे तरुण माद्यांची मोठी शर्यत, जिंकली. मग ती टोनी बिनला दाखवली. हा १९८८ च्या आर्क द त्रिआँफचा, म्हणजे फ्रान्समधल्या सर्वात मोठ्या शर्यतीचा, विजेता. त्यातून एअर ग्रूव्ह. तिने १९९६ ची ओक्स जिंकली, म्हणजे आईची शर्यत लेकीनेही जिंकली, आणि पुढच्या वर्षी शरद ऋतूतल्या तेन्नो शो या शर्यतीत नर घोड्यांना मागे टाकलं. १९९७ ची जपानची हॉर्स ऑफ द इयर तीच. हा मान एखाद्या घोडीला २६ वर्षांनी मिळत होता. एअर ग्रूव्ह आणि संडे सायलेन्सची लेक अॅडमायर ग्रूव्ह, तिने क्वीन एलिझाबेथ कप दोनदा जिंकला. अॅडमायर ग्रूव्ह आणि किंग कामेहामेहा यांचा मुलगा दुरामेन्ते, २०१५ चा डर्बीविजेता. आता या साखळीत बाप बघा: नॉर्दर्न टेस्ट, टोनी बिन, संडे सायलेन्स, किंग कामेहामेहा. दर पिढीला नवा जावई. घर मात्र एकच. संडे सायलेन्स या घरात आला तेव्हा दोन पिढ्यांची ओक्स आधीच भिंतीवर टांगलेली होती.

आता मुख्य वाक्य. 'रक्त बापाचंच बोलतं.'

शाळेतलं जीवशास्त्र एका ओळीत उरकतो: निम्मी गुणसूत्रं आईची, आणि पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाचा वारसा तर आईकडूनच येतो. अकरा महिने गर्भ आणि त्यानंतरचे दूध पिण्याचे महिने यांचा हिशेब वेगळाच.

पण खरी गोम हिशेबात आहे. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या, जातीत कृत्रिम रेतनाला मनाई आहे. घोडी प्रत्यक्षच फळवावी लागते. तरीही नावाजलेला स्टॅलियन एका हंगामात दीड-दोनशे घोड्या सहज फळवतो. घोडीला वर्षाला एकच शिंगरू, आणि साऱ्या आयुष्यात दहा-पंधरा झाली तरी पुष्कळ. त्यामुळे वर्षाअखेरच्या यादीत स्टॅलियनच्या नावापुढे जो डोंगर दिसतो, तो शेकडो माद्यांनी एकेक दगड आणून रचलेला असतो. शिवाय ज्याचं नाव झालं त्याच्याकडेच सगळे आपली सर्वात चांगली घोडी पाठवतात. मग त्याची शिंगरं जिंकतात, नाव आणखी मोठं होतं, पुढच्या वर्षी आणखी चांगल्या घोड्या येतात. यात बापाचं किती आणि आयांचं किती, हे नुसती यादी बघून कुणालाच सांगता येणार नाही.

संडे सायलेन्स १९९५ ते २००७ अशी सलग तेरा वर्षं जपानचा अव्वल स्टॅलियन होता. हा विक्रम मी नाकारत नाही. नाकारणारा वेडाच ठरेल. पण नाव होण्याआधीची, त्याची अगदी पहिली शिंगरं घेऊ. फुजी किसेकी, त्याचा सर्वोच्च दर्जाची (जी-वन) शर्यत जिंकणारा पहिला मुलगा: आई मिलरेसर, अमेरिकेहून आणलेली. जेन्युइन, १९९५ ची सात्सुकी शो: आई क्रूपिअर लेडी, आयात केलेली. तायासु त्सुयोशी, त्याच वर्षीची डर्बी: आई मागारो, आयात केलेली. डान्स पार्टनर, त्याच वर्षीची ओक्स: आई डान्सिंग की, निजिन्स्कीची लेक, तीही आयात केलेलीच. चार नावं, चार बाहेरून आणलेल्या घोड्या. योशिदांनी नुसता घोडा नव्हता आणला. घोड्याच्या आधी आणि नंतरही ते जगभर घोड्या उचलत होते, आणि वडिलांच्या पश्चात मुलांनी, तेरुया यांच्या शादाई फार्मने आणि कात्सुमी यांच्या नॉर्दर्न फार्मने, तेच अधिक मोठ्या प्रमाणात चालवलं. सातोनो डायमंडची आई मालपेन्सा अर्जेंटिनाची. जेंटिलडोनाची आई डोना ब्लिनी इंग्लंडात पळालेली. लिबर्टी आयलंडची आई यँकी रोझ ऑस्ट्रेलियाची. कॉन्ट्रेलची आजी फोकलोर ही २००५ ची ब्रीडर्स कप जुवेनाइल फिलीजची विजेती. नकाशा घेऊन बसलात तर टाचण्या कमी पडतील.

उलट बाजूही बघू. लामतारा हा १९९५ साली एप्सम डर्बी, किंग जॉर्ज आणि आर्क जिंकलेला, एकदाही न हरलेला घोडा. जपानने त्याच्यासाठी सुमारे ३ कोटी डॉलर मोजले, म्हणजे संडे सायलेन्सच्या जवळपास तिप्पट. पैदाशीत तो साफ फसला. (त्याची आई स्नो ब्राइड खुद्द एप्सम ओक्सची विजेती होती. तेव्हा 'आई चांगली की झालं' असंही मी म्हणत नाही, कृपया तशी पोस्ट काढू नका.) २००२ चा केंटकी डर्बीविजेता वॉर एम्ब्लेम तर वेगळाच नग. पैसे मोजून होक्काइदोला आणला आणि त्याला बहुतेक माद्यांमध्ये रसच नव्हता! हंगामामागून हंगाम गेले, शिंगरं मोजकीच झाली. 'बाहेरचा नावाजलेला घोडा आणला की जपान जिंकतं' हे सूत्र खरं असतं, तर या दोघांच्या नावाच्याही पोस्ट फिरल्या असत्या.

या धंद्यातली माणसं स्वतः काय मानतात, तेही त्यांच्या बोलीतून कळतं. एका बापाची दोनशे शिंगरं असली तरी घोड्यांच्या जगात त्यांना भावंडं म्हणत नाहीत. आई एक असेल तरच भाऊ-बहीण. लिलावाच्या कॅटलॉगचं पान उघडा: बापाची माहिती वर थोडक्यात, आणि बाकी पान 'फर्स्ट डॅम', 'सेकंड डॅम', 'थर्ड डॅम' असं आईच्या पिढ्यांनी भरलेलं, मोठ्या शर्यती जिंकलेल्यांची नावं ठळक अक्षरांत. आपल्याकडे बाजारात कालवड घेणारा शेतकरी 'आईला दूध किती होतं?' हे आधी विचारतो. खाण तशी माती, हे त्याला कुणी ग्रुपवर पाठवावं लागत नाही.

डीप इम्पॅक्टचंच बघा, संडे सायलेन्सचा सर्वात थोर मुलगा, २००५ चा तिहेरी मुकुटविजेता, म्हणजे एकाच वर्षी तिन्ही क्लासिक शर्यती जिंकलेला. त्याची आई विंड इन हर हेअर १९९४ च्या एप्सम ओक्समध्ये दुसरी आली होती, आणि पुढच्या वर्षी जर्मनीतली आराल-पोकाल तिने गाभण असताना जिंकली. तिची आजी हायक्लेअर ही राणी एलिझाबेथ यांची घोडी, १९७४ ची वन थाउजंड गिनीज आणि प्री द दियान जिंकलेली. डीप इम्पॅक्टचा सख्खा भाऊ ब्लॅक टाइड मात्र पळण्यात बेताचा. त्याच्या नावावर मोठं असं एक स्प्रिंग स्टेक्स. संडे सायलेन्सला असे बेताचे मुलगे डझनांनी होते आणि त्यांना पैदाशीसाठी कुणी फारसं विचारलं नाही. ब्लॅक टाइडला विचारलं, कारण तो त्या आईचा होता. त्याचा मुलगा किटासन ब्लॅक, आणि किटासन ब्लॅकचा मुलगा इक्विनॉक्स, २०२३ साली १३५ रेटिंगसह जगातला अव्वल ठरलेला घोडा.

घोडी जोखणं सोपं आहे असं मात्र कुणी समजू नये. वोडकाने जपानमधल्या नर घोड्यांना धूळ चारली, पुढे ती पैदाशीसाठी युरोपात गेली, आणि तिच्या तोडीचं एकही शिंगरू झालं नाही. वर आलेली डान्सिंग की आयुष्यात एकही शर्यत पळली नव्हती. तिच्या पोटी डान्स पार्टनर, डान्स इन द डार्क आणि डान्स इन द मूड असे तीन क्लासिक विजेते. म्हणूनच लोक घोडीचा स्वतःचा विक्रम बघतात तसं तिचं घराणंही बघतात, आणि दोन्ही बघून पुन्हा फसतात. २००६ च्या सिलेक्ट सेल या जपानी लिलावात टू द व्हिक्टरी या घोडीचं मादी शिंगरू ६० कोटी येनला गेलं. ते कधी शर्यतीत उतरलंच नाही. शेवटी त्या मादीचा उपयोग पैदाशीसाठी झाला, आणि घेणाऱ्याच्या मनात पहिल्या दिवसापासून तेही होतंच, असं मला वाटतं. पळण्यासाठी कुणी एवढे पैसे घालत नाही. घराणं विकत घेण्यासाठी घालतं.

एक गोष्ट पोस्टवाल्यांना सुचलीच नसेल. संडे सायलेन्स इतका चालला की होक्काइदोत जिकडेतिकडे त्याच्याच पोरी झाल्या. त्यांना त्याचेच मुलगे कसे दाखवणार? तिढा सोडवला तो त्याचं रक्त नसलेल्या नरांनी, त्यात आघाडीवर किंग कामेहामेहा. आणि तो जपानला आला कसा? मानफाथ नावाच्या घोडीच्या पोटात. ती गाभण असताना विकत घेतली, शिंगरू २००१ साली जपानात जन्मलं.

'एकही मोठी शर्यत सोडलेली नाही' याला उत्तर एका शब्दात: आर्क. एल कोंडोर पासा १९९९ मध्ये दुसरा, नाकायामा फेस्टा २०१० मध्ये दुसरा, ओर्फेव्ह २०१२ आणि २०१३ असा दोनदा दुसरा. २०२५ पर्यंत तरी ती शर्यत जपानी घोड्याला मिळालेली नाही. दर ऑक्टोबरला तिकडे लोक त्यासाठी झुरतात.

पोस्टच्या अलीकडच्या आवृत्तीत एक नवी ओळ जोडलेली दिसली: '२०२५ ची ब्रीडर्स कप क्लासिक फॉरेव्हर यंगने जिंकली, खापरपणजोबाचा वारसा!' एक तर खापरपणजोबा नव्हे, पणजोबा. फॉरेव्हर यंगचा बाप रिअल स्टील, त्याचा बाप डीप इम्पॅक्ट, त्याचा बाप संडे सायलेन्स. त्या पिढीत एकूण आठ जण येतात आणि संडे सायलेन्स त्यातला एक. डीप इम्पॅक्टची आई वर आलीच आहे. रिअल स्टीलची आई लव्ह्ज ओन्ली मी, दोनदा ब्रीडर्स कप माइल जिंकणाऱ्या मिएस्कच्या लेकीची लेक. लव्ह्ज ओन्ली मीच्याच पोटची लव्ह्ज ओन्ली यू २०२१ मध्ये ब्रीडर्स कपमधली एक शर्यत जिंकून आली. आणि फॉरेव्हर यंगची स्वतःची आई फॉरेव्हर डार्लिंग, अमेरिकन घोडी, रोमिन रेचल नावाच्या घोडीची नात. रोमिन रेचल जपानात खूप आधी येऊन गेली होती, २००४ चा हॉर्स ऑफ द इयर झेन्नो रॉब रॉय तिचाच मुलगा. त्या घराण्याचा गुण एकदा दिसला होता, म्हणून त्याच घराण्यातल्या नातीला पुन्हा होक्काइदोला आणलं.