जळक्या ऑइलवर चेन टिकते, हा समज चुकीचा आहे

इंदूरमधल्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर गेले काही महिने एक संदेश फिरतो आहे. चेन ल्यूबचे स्प्रे ही निव्वळ लूट असून सर्व्हिसिंगमध्ये निघालेले जळके इंजिन ऑइल फडक्यातून गाळून मोटारसायकलच्या चेनवर सोडले की काम भागते, असा त्याचा मुख्य दावा आहे. त्यापुढे इतर सल्ले येतात. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिन चालू करून पहिल्या गिअरमध्ये चेन फिरवावी आणि वरून ऑइल सोडावे. चेन आधी पेट्रोलने धुवावी. जळके ऑइल मिळाले नाही तर ग्रीस थापावे किंवा घरातले खोबरेल लावावे. शेवटी असे म्हटले आहे की ज्या चेनमध्ये रबरी रिंगा असतात ती कारखान्यातूनच सीलबंद येते, म्हणून तिला कधीच काही लावायचे नसते.

यातला मूळ मुद्दा, म्हणजे महागडा स्प्रे घेतल्यावाचून अडत नाही, हा मला पूर्ण मान्य आहे आणि स्वस्तातला योग्य उपाय पुढे सांगतोही. मात्र त्या मुद्द्याच्या आधाराने जे सांगितले आहे त्यातले बरेचसे चुकीचे आहे, आणि एक गोष्ट तर इतकी धोक्याची आहे की संदेशातला क्रम सोडून तिच्यापासूनच सुरुवात करणे भाग आहे.

इंजिन चालू ठेवून चेनला हात लावू नये. त्याला अपवाद नाही. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न देताही, चेन सेकंदाला वीत-दीड वीत सरकत असते. हातातले फडके किंवा ब्रश चेन आणि ती ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राच्या (स्प्रॉकेटच्या) दातांमध्ये अडकला की त्यामागोमाग बोट आत ओढले जाते, आणि इंजिनाच्या ताकदीपुढे माणसाला हात मागे घ्यायला अवधी मिळत नाही. अशा रीतीने बोटांची पेरे तुटण्याचे अपघात खरोखर घडतात. योग्य पद्धत अशी की इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि मागचे चाक हाताने फिरवावे, तेही उलट्या दिशेने. चाक उलटे फिरवले की चेनची खालची बाजू मागच्या चक्रापासून सुटून पुढे जाते, त्यामुळे तिथे काम करणारा हात दातांकडे ओढला जात नाही. सुलट्या दिशेने फिरवल्यास नेमके उलट होते. ही माहिती घरातल्या मुलांनाही द्यावी, कारण सुट्टीच्या दिवशी गाडी पुसायचे काम बहुधा त्यांच्याकडेच येते.

आता जळक्या ऑइलविषयी. ते का चालत नाही हे समजायला चेन कुठे झिजते हे आधी पाहावे लागते. चेन लांबली असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा तिच्या पट्ट्या ताणल्या गेलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि ती एका बारीक नळीत, म्हणजे बुशात, फिरते. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, सांध्यात फट पडते आणि अशा सगळ्या फटींची बेरीज म्हणजे चेनचे लांबणे. 110 कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांध्याला केवळ 0.1 मिमी झीज झाली, तरी चेन 11 मिमीने वाढते.

सांध्यावर किती काम पडते याचाही अंदाज घ्यावा. 100 सीसीच्या साध्या गाडीच्या मागच्या चक्राला 43 दाते आहेत आणि चेनच्या दोन पिनांमधले अंतर 12.7 मिमी आहे असे धरले, तर ताशी 60 किमी वेगाला चेन सेकंदाला जवळजवळ 5 मीटर धावते आणि एका सेकंदात तीनहून अधिक फेऱ्या पूर्ण करते. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चक्रावर चढताना वाकतो आणि उतरताना सरळ होतो, आणि चक्रे दोन असल्यामुळे एका फेरीत चार वेळा ही हालचाल होते. म्हणजे प्रत्येक पिन आपल्या बुशात सेकंदाला बारा-चौदा वेळा घासली जाते, आणि तीही गाडी ओढण्याचा ताण सोसत. या जागी जे तेल पोहोचते त्यात काय मिसळलेले आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना एकच ऑइल असते. ते बदलायला येते तोवर त्यात जळणातून आलेली काजळी, गिअरच्या दातांची व क्लचप्लेटची बारीक झीज, थोडे न जळलेले पेट्रोल, बाष्प आणि ऑक्सिडेशनमधून तयार झालेली आम्ले जमलेली असतात. शिवाय झीज व गंज रोखण्यासाठी मिसळलेली रसायने बरीचशी खर्ची पडलेली असतात. जे तेल इंजिनातून निकामी म्हणून काढले, तेच अधिक उघड्या आणि अधिक धुळीच्या जागी उपयोगी पडेल असे मानायला काहीच आधार नाही. फडक्यातून गाळण्याने फरक पडत नाही, कारण इंजिन ऑइलमधली रसायने काजळीला एकत्र बसू न देता अत्यंत सूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत ठेवण्यासाठीच घातलेली असतात आणि ते कण कापडाच्या विणीतून सहज निघून जातात.

आमचा मेकॅनिक तीस वर्षे हेच करतो आहे, असा युक्तिवाद संदेशात आहे आणि तो प्रामाणिक असेलही. कोरडी चेन ओली झाली की तिचा आवाज लगेच कमी होतो आणि गाडी हलकी वाटते, त्यामुळे उपाय लागू पडल्याची खात्री पटते. झीज मात्र काही महिन्यांनी दिसते, आणि तेव्हा दोष गाडीच्या वयाला दिला जातो. चेनसेट, म्हणजे चेन आणि दोन्ही चक्रे, हजार-दीड हजारांपासून पुढे येतो, मोठ्या गाड्यांचा तर याच्या दुप्पट-तिप्पट. फुकट मिळालेल्या तेलाचा हिशेब करताना ही रक्कम त्यात धरायला हवी.

पैशांखेरीज आणखी दोन कारणे आहेत. पेट्रोल इंजिनातून निघालेल्या ऑइलचा कातडीशी वारंवार संपर्क आल्यास प्रयोगातल्या उंदरांना त्वचेचा कर्करोग झाल्याची नोंद आहे, म्हणून हे तेल उघड्या हातांनी चोळणे टाळावे. दुसरे असे की वापरलेले तेल 2016 च्या घातक कचऱ्यासंबंधीच्या केंद्रीय नियमांखाली येते. चेनवरून उडालेले प्रत्येक थेंब अखेर रस्त्यावर आणि नाल्यात जातात. ज्या शहराने घराघरांत कचरा सहा प्रकारांत वेगळा करण्याची सवय लावून घेतली आणि 2017 ते 2023 स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिला क्रमांक मिळवला, त्या शहरातल्या माणसांनी हे तेल अंगणात सांडू नये असे मला मनापासून वाटते. ते गॅरेजमध्येच सोडावे, तिथून ते पुन्हा शुद्ध करणाऱ्यांकडे जाऊ शकते.

पेट्रोलने चेन धुण्याचा सल्लाही सोडून द्यावा. रबरी रिंगा पेट्रोलने फुगतात व पुढे कडक होऊन चिरतात, आणि तापलेल्या सायलेन्सरजवळ उघडे पेट्रोल वापरणे हा आगीशी खेळ आहे. चेन बनवणाऱ्या कंपन्या सफाईसाठी रॉकेल सुचवतात. आपल्याकडे घासलेट म्हणून जे ओळखले जाते तेच हे. जुना टूथब्रश त्यात बुडवून चेनच्या चारही बाजू घासाव्यात आणि लगेच सुती चिंधीने कोरड्या पुसून घ्याव्यात. तारेचा ब्रश वापरू नये, त्याने रिंगा कापल्या जातात. धुलाईकेंद्रावरच्या पाण्याचा जोरदार फवाराही चेनवर जवळून मारू देऊ नये. पाणी रिंगांच्या आत शिरते आणि आतले ग्रीस खराब करते.

ग्रीसविषयीचा गैरसमज जुना आहे आणि त्याला कारणही आहे. स्प्लेंडरसारख्या गाड्यांची चेन पूर्ण झाकलेल्या पेटीत असते, तिथे धूळ कमी पोहोचते, त्यामुळे वर लावलेल्या ग्रीसचा दुष्परिणाम लवकर दिसत नाही. उघड्या चेनच्या गाडीला तो अनुभव लागू करता येत नाही. माळव्याच्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात किती बारीक असते हे सिमरोलच्या बाजूने खंडवा रोडला गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ती ग्रीसमध्ये कालवली गेली की पाट्यावरच्या वाटणासारखी चेन आणि चक्रांच्या मधे रगडली जाते. शिवाय घट्ट ग्रीस पट्ट्यांवर बसून राहते, पिनेपर्यंत जात नाही, म्हणजे जिथे गरज आहे ती जागा कोरडीच राहते.

खोबरेलाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ते 24-25 अंशांच्या खाली गोठते, आणि इंदूरच्या थंडीत पहाटेचा पारा त्याहून कितीतरी खाली असतो. इतर खाद्यतेले हवेने चिकट होऊन धूळ धरतात. डब्ल्यूडी-40 चा निळा डबा पुष्कळांच्या घरी असतो, पण ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेले पातळ द्रव्य आहे. गंज सोडवायला ते चांगले आहे, चेनवर मात्र ते टिकत नाही.

रिंगांच्या चेनला काही लावायचे नसते हा दावा अर्धाच खरा आहे. पिन आणि बुश यांच्यामध्ये भरलेले ग्रीस रिंगांनी खरोखरच आत कोंडलेले असते. पण बुशावर फिरणारा रोलर त्या सीलच्या बाहेर असतो, रोलर आणि चक्राच्या दातांचा संपर्क बाहेर असतो, पट्ट्यांना गंज बाहेरून लागतो, आणि स्वतः रिंगाही कोरड्या पडल्या की पट्ट्यांमध्ये घासून तुटतात. एकदा रिंग गेली की आतले ग्रीस बाहेर पडते आणि तो सांधा बाहेरून पुन्हा भरता येत नाही. म्हणून अशा चेनलाही नियमित तेल लागतेच.

स्वस्त आणि योग्य उपाय म्हणजे 90 नंबरचे गिअर ऑइल, किंवा 80डब्ल्यू-90. अनेक मोटारसायकलींच्या माहितीपुस्तिकांमध्ये चेनसाठी हेच सांगितलेले असते. ऑटोपार्ट्सच्या दुकानात एक लिटरचा डबा मिळतो, आणि एका वेळी जेमतेम 10 मिलि लागत असल्यामुळे तो कितीतरी महिने पुरतो. शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून घेतला तर खर्च आणखी कमी होतो. तेही मिळाले नाही, तर इंजिन ऑइलच्या डब्याच्या तळाशी उरलेले नवे, न वापरलेले ऑइल चालेल, मात्र ते पातळ असल्याने लवकर उडून जाते. गिअर ऑइलचा तोटा मान्य करायला हवा. ते स्प्रेपेक्षा जास्त उडते, रिमवर काळे डाग पडतात आणि ते पुसावे लागतात.

हे तेल भसाभस ओतायचे नसते. गाडी थोडी चालवून आणावी म्हणजे चेन कोमट होते. मग सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने चेनच्या खालच्या भागाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडच्या पट्ट्यांच्या फटीत आणि रोलरवर, एकेक थेंब सोडावा. आतून दिलेले तेल चेन फिरताना बाहेरच्या दिशेने फेकले जाते आणि जाता जाता सांध्यातून जाते. वरून दिलेले नुसतेच उडून जाते. टायरच्या बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, कारण टायरच्या कडेला लागलेले तेल वळणावर गाडी घसरवते. शक्य असल्यास गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी वरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे.

साधारण 500 किमीला एकदा हे पुरते. पावसाळ्यात मात्र किलोमीटर मोजत बसू नये, इंदूरजवळच्या पातालपाणी किंवा जानापावची ओली फेरी झाली की दुसऱ्या दिवशी चेन पुसून तेल द्यावे.

चेन कितपत झिजली हे घरच्या मोजपट्टीनेही कळते. चेनची खालची बाजू ताठ धरून 21 पिना मोजाव्यात, म्हणजे मधे 20 कड्या येतात. 12.7 मिमीच्या चेनमध्ये नव्या अवस्थेत हे अंतर 254 मिमी असते आणि 259 मिमी झाले की वाढ 2 टक्क्यांवर पोहोचलेली असते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी. तेवढे अंतर आल्यावर कोणतेही तेल त्या चेनला वाचवू शकत नाही, आणि एका बाजूला झुकलेल्या दातांच्या जुन्या चक्रांवर नवी चेन चढवली तर तीही लवकर खराब होते, म्हणून चेन आणि दोन्ही चक्रे एकत्रच बदलून घ्यावीत.