पद्मिनीच्या डॅशबोर्डच्या फिटिंगबद्दल आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

आपल्या १९८२ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या डॅशबोर्डचे काम आमच्या पुण्यातील गॅरेजमध्ये झाले, त्याबद्दल दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. डावीकडच्या कप्प्याच्या झाकणाची फट एका टोकाला बारीक तर दुसऱ्या टोकाला जाड दिसते, डॅशबोर्डवरचे नवे काळे कव्हर दुपारी काचेपाशी मधोमध फुगते, स्पीडोमीटरचा काटा कमी वेगात थरथरतो आणि एवढे होऊनही खोलजोडीची, म्हणजे भाग खोलून पुन्हा जोडण्याची, मजुरी वेगळी लावली, असे आपले आक्षेप आहेत. आपण मुद्द्याला धरून लिहिले आहे, त्यामुळे उत्तरही मुद्द्यालाच धरून देतो. जुनी फियाट किंवा पद्मिनी नीट करून घेऊ पाहणारी मंडळी हे पान वाचतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आधी झाकणाची फट. आजच्या गाड्यांत डॅशबोर्ड हा प्लास्टिकचा स्वतंत्र भाग असतो. तो संपूर्ण उचलून बाहेर काढता येतो आणि परत बसवताना थोडाफार सरकवून घेता येतो. पद्मिनीची घडण मात्र साठच्या दशकातील इटालियन फियाट ११०० डी ची आहे आणि कुर्ल्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षे ती मूळ घडण फारशी न बदलता गाडी बनत राहिली. या गाडीत डॅशबोर्डचा पत्रा हा बॉडीचाच एक भाग असतो. त्यामुळे कप्प्याचे तोंड काटकोनात आहे की तिरके, हे झाकणावर अवलंबून नसते, ते बॉडीवर अवलंबून असते. आपल्या गाडीच्या पुढच्या काचेलगतच्या डाव्या खांबाच्या मुळाशी लोहचुंबक धरला तेव्हा तो जवळपास हातभर पट्ट्यात पकडच घेत नव्हता, म्हणजे रंगाखाली पुट्टीचा जाड थर होता. गाडीला पूर्वी कधीतरी डाव्या बाजूने मार बसलेला असून तो पत्रा ओढून सरळ करण्याऐवजी वरून भरून काढलेला आहे, हे आम्ही त्याच वेळी आपल्याला दाखवले आणि जॉब कार्डावर लिहून त्याखाली आपली सही घेतली.

त्यावर खरा उपाय एकच होता: पुढची काच उतरवायची, पुट्टी खरवडून काढायची, खांब ओढून मूळ जागी आणायचा आणि त्या बाजूचा रंग नव्याने करायचा. गाडीचा मूळ रंग शाबूत ठेवायचा म्हणून आपण त्याला नकार दिलात आणि माझ्या मते तो निर्णय योग्यच होता, कारण एकदा गेलेला कंपनीचा रंग पुन्हा मिळत नाही. पण तिरके तोंड तसेच ठेवायचे ठरल्यावर चौकोनी झाकणाच्या चारही बाजूंना सारखी फट मिळणे शक्य राहत नाही; तिरकेपणा कुठे ढकलायचा एवढेच आपल्या हातात उरते. आम्ही बिजागरीच्या स्क्रूंची भोके किंचित लांबवून झाकणाची वरची कड कव्हरच्या खालच्या कडेशी समांतर आणली, उघडताना-मिटताना झाकण कुठेही घासणार नाही याची खात्री केली आणि उरलेला फरक उभ्या बाजूंना जाऊ दिला. डावीकडे २ मिलिमीटर आणि उजवीकडे ४, हे माप आम्ही गाडी देताना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून आपल्याला दाखवले होते. आडव्या दोन रेषा जवळजवळ असल्या की त्यांतला तिरकेपणा नजरेला लगेच खटकतो, उभ्या फटीतला फरक मात्र शोधावा लागतो. आपण तो शोधलात, याचे मला कौतुकच वाटते. ‘कडेला थोडी पुट्टी लावून फट भागवली असती तरी चालले असते’, असे आपण लिहिले आहे. ते काम अर्ध्या तासाचे आहे आणि गाडी दाखवताना ते सुरेख दिसते; पण झाकण उघडते-मिटते तशी ती कड तडकत जाते, आणि रंगासह खपली निघाली की नुकसान गाडीच्या मालकाचे होते. ते आम्ही करत नाही.

आता कव्हर. मूळ कव्हर उन्हाने कडक होऊन चिरलेले होते, त्यामुळे ते ठेवण्यात अर्थ नव्हता. काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, तरी टॅक्सीतून निघालेले सुटे भाग अजून बाजारात येतात. फक्त त्यांना देवाच्या मूर्तीसाठी, पंख्यासाठी आणि टेपसाठी पाडलेली इतकी भोके असतात की ती बुजवण्यात भागाच्या किमतीपेक्षा जास्त मजुरी जाते. म्हणून आपल्या संमतीने साच्यातून काढलेले नवे एबीएस प्लास्टिकचे कव्हर घेतले. हे प्लास्टिक उष्णतेने पोलादापेक्षा सहा-सात पट अधिक प्रसरण पावते. तापमान ४० अंशांनी वाढले, आणि उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली ते सहज वाढते, तर एक मीटर लांबीचा पत्रा सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो, तेवढ्याच लांबीचे हे कव्हर तीन मिलिमीटरच्या आसपास. अडीच मिलिमीटरचा हा फरक किरकोळ वाटतो, परंतु दोन्ही टोके जखडलेली असली तर वाढलेल्या लांबीला जायला जागाच राहत नाही आणि मधला भाग दोन-तीन सेंटिमीटर वर उचलला जाऊ शकतो.

एवढ्यासाठीच आम्ही कव्हरचे फक्त मधले भोक गोल ठेवले, बाकीची सर्व लांबट केली, स्क्रूखाली रुंद वायसर घातले आणि सर्व स्क्रू आधी सैल लावून मग मधून कडेकडे कसत नेले. शेवटी प्रत्येक कडेचा स्क्रू पाव आटा मागे घेतला, जेणेकरून कव्हर जागेवर धरून राहील, पण सरकू शकेल. आपण अभिप्रायासोबत दिलेल्या दुसऱ्या छायाचित्रात मात्र कव्हरच्या दोन्ही टोकांना चपट्या डोक्याचे दोन वेगळे स्क्रू थेट पत्र्यात मारलेले दिसतात. ते आमच्याकडचे नाहीत. टोके हलतात म्हणून नंतर कोणीतरी सद्हेतूनेच ते मारले असावेत. कव्हर दुपारी फुगते आणि रात्री पुन्हा बसते, त्याचे कारण तेच आहे. ते दोन स्क्रू काढून पाडलेली भोके आतल्या बाजूने बंद करून देऊ, त्याचे काही पैसे नाहीत.

स्पीडोमीटरचा काटा थरथरतो हे खरे आहे आणि ते जॉब कार्डावरही लिहिलेले आहे. मीटर खोलल्यावर गिअरबॉक्सकडून येणारी आतली तार बाहेर काढून तिचा इंग्रजी यू सारखा बाक केला आणि एक टोक बोटांनी हळूहळू फिरवले, तेव्हा दुसरे टोक सलग न फिरता दर फेऱ्यात एकदा उसळी घेत होते. म्हणजे तार एका जागी मुरगळलेली होती आणि अशा तारेला कितीही ग्रीस लावले तरी काटा शांत होत नाही. त्या वेळी बाजारात मिळालेली केबल लांबीला जास्त होती; ती बसवली असती तर मीटरच्या मागे अरुंद वळसा पडून नवी तारही लवकरच तशीच झाली असती. आता योग्य लांबीची केबल आमच्याकडे आलेली आहे. तिची किंमत तेवढी आपल्याला द्यावी लागेल, बसवण्याची मजुरी घेणार नाही.

खोलजोडीच्या मजुरीबद्दल थोडक्यात. ती रक्कम एस्टिमेटमध्ये स्वतंत्र ओळीत दिली होती आणि तिच्यात डोळ्यांना न दिसणारे बरेच काम आहे. एक उदाहरण देतो. मीटरच्या दिव्यांना आणि इंधनाच्या काट्याला अर्थिंग बॉडीच्या पत्र्यातून मिळते. मागच्या मालकाने डॅशबोर्ड रंगवताना ती जागाही रंगवून टाकली होती, म्हणूनच आपल्या गाडीत हेडलाइट लावले की इंधनाचा काटा हलत असे. मीटर बसण्याच्या जागेचा रंग आतून नाण्याएवढा खरवडून तिथे वेगळी अर्थिंगची वायर दिली आहे. ती तक्रार आपल्या अभिप्रायात नाही, याचा अर्थ ती दूर झाली असावी.

गाडी आणायची असल्यास सकाळी लवकर आणावी आणि आदल्या रात्री ती शक्यतो सावलीत उभी असावी. तापलेल्या कव्हरचे स्क्रू काढले तर टोके नेमकी कुठे बसत होती ते कळत नाही आणि झाकणाची फटही थंड पत्र्यावरच मोजावी लागते. त्या वेळी बॉडीचे काम करून घ्यायचे आपल्या मनात आले असेल, तर काच उतरवण्यापूर्वी तिचे रबर बिडिंग नवे मिळते का ते आम्ही पाहून ठेवू. जुने बिडिंग काढताना बहुधा फाटते आणि ते हाती असल्याशिवाय आम्ही काचेला हात लावत नाही.

कळावे,
आपला नम्र,
गॅरेजचालक, पुणे