डॉक्टरनं इंजिनिअरिंग शिकलं की डॉक्टरकी वाया जाते?

आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘एमबीबीएसनंतर आयआयटीत जाऊ नका. डॉक्टरकी जाते, इंजिनिअरही होता येत नाही, आणि खेड्यातल्या पेशंटला त्याचा काही उपयोग नाही.’ हे वाचून आपली हुशार पोरं-पोरी अर्जच भरणार नाहीत, याची मला काळजी वाटते.

डॉक्टरकी जात नाही. मेडिकल कौन्सिलची नोंदणी एमबीबीएसवर असते. दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करत राहिलं की ती टिकते. आयआयटी खरगपूरचा तीन वर्षांचा एमएमएसटी (वैद्यकशास्त्र आणि तंत्रज्ञान यांची मास्टर्स पदवी) हा अभ्यासक्रम तर एमबीबीएस झालेल्यांसाठीच आहे. हां, ही पदवी एमडी-एमएसच्या जागी चालत नाही. ज्याला सर्जनच व्हायचंय, त्यानं तिकडे जाऊ नये.

खेड्याला उपयोग नाही, हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी, मोजणी न येणाऱ्या सुईणींसाठी बाळाचे श्वास मोजायचं साधन तयार केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. आजार आणि तो हाताळणारी बाई, दोन्ही ठाऊक असल्याशिवाय असं साधन सुचत नाही.

नवजात बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मर यंत्राचंच घ्या. त्वचेवरचा सेन्सर निघाला, तर यंत्र बाळ गार पडलंय असं समजून उष्णता वाढवत जातं. पल्स ऑक्सिमीटर सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. आपल्याकडे उन्हातान्हात राबणारी माणसं आणि सिकलसेलचे पेशंट याच आकड्यावर तपासले जातात. आकडा कसा तयार होतो ते समजणारा आणि पेशंटच्या उशाशी बसलेला माणूस एकच असेल, तर ही चूक लवकर पकडली जाते.

‘इंजिनिअर होता येत नाही’ यात एवढंच खरं, की बारावीनंतर सुटलेलं गणित पुन्हा काढावं लागतं. जड जातं, पण जमतं.

आणि हे सगळं मुंबईच्याच लोकांसाठी, असंही कुणी म्हणू नये. वैद्यकीय उपकरणं घडवण्यासाठी आयआयटी मुंबईत 2014 साली ‘बेटिक’ सुरू झालं, त्याचं एक केंद्र नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेत उभं राहिलं. पुसद-आर्वीच्या विद्यार्थ्यानं अर्ज भरायच्या आधी तिथल्या लोकांशी बोलावं, फॉरवर्ड करणाऱ्याशी नाही.