‘रूल ऑफ थंब’ आणि बायकोला मारायची काठी

‘रूल ऑफ थंब’ हा शब्दप्रयोग इंग्लंडच्या एका जुन्या कायद्यातून आला, अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीने बायकोला मारायची मुभा त्या कायद्याने नवऱ्याला दिली होती, असा मजकूर पुन्हा फिरतो आहे. असा कायदा इंग्लंडमध्ये कधीच नव्हता.

शब्दप्रयोग सतराव्या शतकापासून छापील इंग्रजीत सापडतो, आणि तिथे अर्थ साधा आहे: मोजपट्टी न लावता, अनुभवाने बांधलेला अंदाज. अंगठ्याने माप घेण्याची पद्धत तर जुनीच. फ्रेंचमध्ये अंगठा आणि इंच यांना एकच शब्द आहे, ‘पूस’.

मग काठी कुठून आली? फ्रान्सिस बुलर नावाचे न्यायाधीश तसे काही बोलले अशी वदंता १७८२ साली पसरली आणि व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी त्यांना ‘जज थंब’ म्हणून रंगवले. बुलर खरोखर तसे बोलल्याची नोंद नाही. शब्दप्रयोग मात्र त्याआधीच रूढ होता. दोन्हींची सांगड विसाव्या शतकातली.

बायकांना मारहाण झाली, न्यायालयांनी तिकडे काणाडोळाही केला. १८६८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात अंगठ्याच्या मापाचा आधार घेऊन नवऱ्याला सोडले गेले. वरच्या न्यायालयाने ते माप नाकारले, सुटका मात्र कायम ठेवली. हा अन्याय खरा आहे, म्हणूनच त्याला खोट्या व्युत्पत्तीचा टेकू नको.

मराठीत ‘अंगठ्याचा नियम’ लिहू नका. आपला ‘ठोकताळा’ चपखल बसतो: एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हा ठोकताळा.