एक छोटंसंच काम आहे

मसाल्याचं पाकीट असो, मुलांचं गोष्टीचं पुस्तक असो की सोसायटीच्या गणपतीचं वर्गणीपत्रक, कधी ना कधी तुम्हाला चित्रकार लागणारच. एजन्सी परवडत नाही, म्हणून घरून काम करणारी एखादी फ्रीलान्सर गाठावी लागते. ती इन्स्टाग्रामवर पटकन सापडते. तिच्याकडून काम काढून घेणं ही मात्र कला आहे. (चित्र काढण्यापेक्षा अवघड, असं क्लायंट मंडळी मानतात आणि त्यांचा या कलेतला रियाज पाहता मलाही ते पटतं.)

फोनवर सुरुवात "ताई, एक छोटंसंच काम आहे" अशी करा. काम केवढं आहे हे करणाऱ्याने ठरवायचं नसतं. बजेट विचारलं तर "तुम्हीच सांगा" म्हणा, आकडा ऐकून जरा गप्प बसा आणि मग फक्त "एवढे?" विचारा. अर्धे पैसे त्या गप्प बसण्यातच वाचतात. उरलेल्या अर्ध्यांसाठी बुटांची कंपनी नाइके कामी येते. १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने नाइकेचं चिन्ह ३५ डॉलरमध्ये करून दिलं, हे ताईंना जरूर ऐकवा. त्याच कंपनीने १९८३ मध्ये तिला बोलावून अंगठी आणि शेअर्स दिले, ते सांगत बसायची गरज नाही. ताईंना ते आधीच माहीत असलं, तर "आमचंही तेवढं मोठं होऊ दे, बघू" म्हणायचं.

आता ब्रीफ, म्हणजे काय हवंय ते सांगणं. लेखी काही देऊ नका, लेखी दिलं की फिरवता येत नाही. "ट्रॅडिशनल पण मॉडर्न, भरगच्च पण क्लीन" एवढं पुरे. "दोन-तीन ऑप्शन टाका, आवडलं तर पुढे जाऊ" हेही लगेच सांगा. केस कापून झाल्यावर, आवडले तरच पैसे देईन, असं न्हाव्याला सांगायची आपली छाती होत नाही. चित्रकाराला बिनधास्त सांगता येतं, कारण तिच्या हातात वस्तरा नसतो. वेळापत्रक पंचांगाप्रमाणे असावं. पितृपक्षात काही फायनल करायचं नाही आणि घटस्थापनेला माल दुकानात हवा.

समजा, गोडा मसाल्याचं पाकीट आहे. पाकिटावर नऊवारीतली, नथ घातलेली, पाट्यावर वाटणारी बाई हवी, हे ओघाने आलंच. तुमच्या कारखान्यात मसाला दळणारा पल्व्हरायझर आहे ही गोष्ट वेगळी. बाई तुमच्या आईसारखी दिसावी, पण आई वाटू नये, असं सांगा. चित्र आलं की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. वहिनींना जांभळा रंग हवा असेल, काकांना नथ उलटी वाटेल, बंगळुरूचा भाचा फक्त अंगठा पाठवेल. हे सगळं एकत्र करून, एकही शब्द न गाळता, रात्री साडेअकराला पुढे पाठवा. ताईंनी कोटेशनमध्ये "दोन करेक्शन" लिहिलेलं असेल. एका निरोपात आलेले सतरा बदल म्हणजे एकच करेक्शन, हे त्यांना समजावून सांगा.

लोगो मोठा करून घ्या. मग अजून मोठा करून घ्या.

बाईला, पाट्याला आणि लोगोला कशीबशी जागा झाली, तुम्ही "फायनल" म्हणालात, की मगच बाकीचा मजकूर बाहेर काढायचा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, चौकोनातला हिरवा ठिपका, घटक पदार्थ, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच नंबर, बारकोड, ग्राहक तक्रारीचा पत्ता. यातलं बहुतेक कायद्याने लागतंच, म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण आधी सांगितलं असतं तर ताईंनी जागा सोडून चित्र रचलं असतं आणि मग त्यांचं कौशल्य कळलंच नसतं.

रंगाचा निर्णय मोबाइलवर घ्या, ब्राइटनेस पूर्ण वाढवून. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, छापील रंग चार शायांचा. त्यामुळे तो झगझगीत केशरी कागदावर मंद होणारच, हे ताई सांगू लागतील. ऐकू नका. पाकिटं आली की फोन शेजारी धरून फोटो काढा आणि त्यांना पाठवा, खाली नुसतं प्रश्नचिन्ह.

ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, मागायला विसरू नका. ती कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून छापखान्यातला मुलगा "शुद्ध" हा शब्द जरा मोठा करेल, त्या गडबडीत फाँट बदलेल, पहिला उकार भलतीकडे जाऊन बसेल आणि दहा हजार पाकिटं अशुद्ध निघतील. पाकिटाचं डिझाइन कोणी केलं? ताईंनी.

पुस्तकवाल्यांचं काम त्या मानाने सभ्य असतं, ते सगळं काही शांत आवाजात करतात. लेखकाला रॉयल्टी, चित्रकाराला एकरकमी मानधन. मुलं चित्र पाहून पुस्तक उचलतात आणि नाव मात्र आतल्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याखाली. चित्रकार दीनानाथ दलालांची सही घरोघरी ओळखीची होती, असं कोणी ऐकवलं तर सांगा की दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक काढला होता. ताईंनीही काढावा, कोण अडवतंय?

आणि एआय आहेच. "हे तर पाच मिनिटांत होतं" म्हणत एक चित्र पाठवून द्या. त्यातल्या बाईच्या हाताला सहा बोटं असतील, पाटीवरचं देवनागरी जगातल्या कुठल्याच भाषेतलं नसेल. "फक्त एवढं नीट करून द्या" म्हणा आणि पैसे "एवढ्या"चेच द्या.

हक्कांचा विषय काढूच नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखी करारानेच दुसऱ्याच्या नावावर होतो. करारात मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरता धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. तुम्ही तर पाकिटावरची बाई टेम्पोवर, टी-शर्टवर आणि दुबईच्या स्टॉलवर नेणार आहात. तेव्हा जिथे सही लागेल असा कागदच होऊ द्यायचा नाही, "आपण घरचेच" म्हणायचं.

राहता राहिलं बिल. आधी हार्ड कॉपी मागवा. मग त्यावर शिक्का नाही म्हणा. मग अकाउंटंट गावी गेलेत, मग मार्च एंड आहे, मग साहेबांची सही राहिली आहे. १० टक्के टीडीएस मात्र तत्परतेने कापा, तो सरकारजमा करायची घाई नको. एरवी ताई दोनदा फोन करतात, तिसऱ्यांदा त्यांनाच संकोच वाटतो आणि विषय मिटतो.

फक्त बिलाच्या तळाशी लघुउद्योगांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीचा क्रमांक आहे का, तेवढं बघा. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याने अशांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. मुदत उलटून ३१ मार्चलाही बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजाही धरता येत नाही. तेव्हा तसा क्रमांक दिसलाच, तर अकाउंटंटला गावाहून बोलवा, शिक्क्याचं राहू द्या आणि आजच्या आज एनईएफटी करून टाका. या बाई चित्रं काढता काढता कायदाही वाचतात.